एकसष्टावं लेकरू

बारशाला गेलेला माणूस पाळण्यात डोकावतो, बाळाच्या मुठीत नोट कोंबतो, नाक कोणावर गेलंय यावर एखादं वादग्रस्त विधान करतो आणि घुगऱ्यांकडे वळतो. आमचे हेडसर पाळण्यात डोकावतात आणि विचारतात, "जन्माची नोंद केली का ग्रामपंचायतीत?"

मग खिशातून छोटी डायरी निघते. बाळ बारा दिवसांचं. हेडसर बोटांची पेरं मोजतात. पहिलीत जायला 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत, म्हणजे 2030 चा जून. "लिहून ठेवतो. नाव काय ठेवलं? आणि हे पाहा, जे ठेवाल तेच दाखल्यावर, तेच आधारवर. घरी काय हाक मारायची ती मारा." बाळाची आत्या नुकतीच कानात नाव सांगून, पाठीवर धपाटे खाऊन उभी राहिलेली असते. तिला वाटतं, माणूस ज्योतिषी दिसतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजात ते आमच्या शेजारी राहतात. शाळा तालुक्यातल्या एका खेड्यात, खडकपूर्णा धरणाच्या अंगाला. शाळेचं नाव मी सांगत नाही; सांगितलं तर ते मला शाळेचा सरकारी यू-डायस नंबरही लिहायला लावतील. रोज मोटारसायकलवरून अपडाऊन. डिकीत पंक्चरचं सामान, पॉवरबँक, शिक्क्याची पेटी, आणि कोणीतरी कधीतरी मागेल म्हणून सगळ्या मुलांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, दोन-दोन प्रती. त्यांना सगळे हेडसर म्हणतात, पण कागदोपत्री ते हेड नाहीत. प्राथमिकला मुख्याध्यापकाचं पद 150 च्या वर मुलं असली तर. त्यामुळे ते प्रभारी. पगार शिक्षकाचा, सही मुख्याध्यापकाची आणि बोलणी दोघांची.

त्यांच्या डायरीत गाव घरांनी लावलेलं नाही, जून महिन्यांनी लावलेलं आहे. या जूनला कोण, पुढच्याला कोण, त्याच्या पुढच्याला कोण. गावात कोणाची सून माहेरी गेली असं कानावर आलं की ते विचारतात, "बाळंतपणाला की भांडून?" हा चोंबडेपणा नाही. पहिल्यात पट वाढतो, दुसऱ्यात कमी होतो. लग्नाची पत्रिका आली की मुलाचं शिक्षण, मुलीचं गाव हे इतरांनी वाचावं. हेडसर नवरदेव पुण्याला कंपनीत आहे का ते आधी पाहतात. असला तर पत्रिका बाजूला ठेवतात. "हे लेकरू आपलं नाही," म्हणतात. लेकरू व्हायला अजून वर्ष-दोन वर्षं असतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात लिहून ठेवलंय की प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. हेडसरांच्या शाळेचा पट वर्षानुवर्षं या साठ-एकसष्टच्या उंबरठ्यावर बसलेला. एकसष्ट असले तर पाच वर्गांना तीन माणसं. साठ झाले की दोन, आणि त्यातला एक माणूस निम्मा वेळ ऑनलाइन माहिती भरतोय. तिसऱ्या मॅडम शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागून आलेल्या, हुशार, मुलांना गाणी शिकवणाऱ्या. पट घसरला की त्या 'अतिरिक्त' ठरणार आणि समायोजनात कुठेतरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाणार. आणि हे सगळं ठरतं एका तारखेच्या पटावर, 30 सप्टेंबरच्या.

आमच्याकडे दसरा मोठा, त्याला लागून बालाजीची यात्रा त्याहून मोठी. गावातल्या पोरी सासरहून येतात, पुण्या-मुंबईला गेलेले सुट्टी टाकून येतात. हेडसरांचा सण त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. 30 सप्टेंबरला संध्याकाळी ते डोक्याला तेल लावून ओट्यावर बसलेले दिसले की वहिनी आम्हाला खुणेनं सांगतात, जमलं. त्या दिवशी त्यांच्या घरी शिरा असतो.

रजिस्टरात एकसष्टावं असं कोणी लेकरू नसतं. नावं वर्गवार, आडनावांच्या क्रमानं. पण हेडसरांना ते दिसतं. ज्या पोराला ताप आला ते एकसष्टावं. ज्याच्या बापानं जालन्याला स्टील कारखान्यात काम धरलं ते एकसष्टावं. एकदा सप्टेंबरात एका पोरीला विंचू चावला. तिची आई रडायच्या आत हेडसर तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात घेऊन आले होते. पोरगी दुसऱ्या दिवशी ठणठणीत. हेडसरांना मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही.

पटाची ही भीती त्यांच्या हाडात केव्हा शिरली ते मला माहीत आहे. 2011 च्या ऑक्टोबरात सरकारनं अख्ख्या राज्यात तीन दिवस पटपडताळणी केली. महसूलवाले, इतर खात्यांचे लोक शाळाशाळांत उतरले, मुलं उभी करून मोजली, आणि एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. राज्यभर लाखो नावं नुसती कागदावर निघाली. हेडसरांकडे एकही खोटं नाव नव्हतं, पण तीन रात्री त्यांना झोप नाही. कोणी मामाच्या गावाला गेलं तर? कोणी शेतात गेलं तर? एक पोरगं तापानं फणफणलेलं होतं, त्याला गोधडीसकट उचलून आणलं आणि पथकासमोर धरलं. त्यानं गोधडीतून फक्त बोट बाहेर काढलं. पथकातल्या साहेबांनी शाई लावली. "त्या शाईचा डाग गेला," हेडसर सांगतात, "पण पोरगं अजून भेटलं की बोट दाखवते." ते पोरगं आता ट्रॅक्टर चालवतं.

माणसांविषयी बोलतानाही ते रकान्यांत बोलतात. मुलांच्या प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. इतकी वर्षं त्या लिहून लिहून हेडसरांच्या तोंडात तीच वाक्यं बसली आहेत. नळाला पाणी सोडणाऱ्या नगरपरिषदेच्या माणसाबद्दल: "वेळेचे भान राखत नाही, मार्गदर्शनाची गरज आहे." माझ्या व्याह्यांबद्दल, एकदाच भेटून: "गटात मिसळतो, स्वतःचे मत ठामपणे मांडतो." हे कौतुक नव्हतं हे मला चार महिन्यांनी कळलं. लग्नातल्या पंगतीला ते श्रेणी देतात. वांग्याची भाजी अ-1, बुंदी ब-2, वाढपी ड. घरात साखर संपली का असं वहिनींनी विचारलं की डबा उघडून पाहतात आणि म्हणतात, "निरंक."

वहिनींनी एकदा त्यांचंच प्रगतिपत्रक तोंडी भरून दाखवलं होतं. विशेष प्रगती: रात्री दोनला उठून माहिती भरतात. आवड व छंद: रात्री दोनला उठून माहिती भरणे. सुधारणा आवश्यक: वरीलप्रमाणे.

रात्री दोनचं कारण सर्व्हर. दिवसा महाराष्ट्रातले सगळे हेडसर एकाच दारातून आत घुसायला बघतात आणि ते दार कोणालाच आत घेत नाही. 2015 ला मुलांची माहिती भरायचं सरल पोर्टल आलं तेव्हा वाटलं होतं, एकदा भरलं की सुटलो. मग यू-डायस प्लसमध्ये शाळेची नुसती बेरीज चालेना, एकेका लेकराची स्वतंत्र नोंद आली. मग कायमचा शिक्षण क्रमांक, मग अपार आयडी. नाव, आईचं नाव, उंची, वजन, रक्तगट, मातृभाषा, घरापासून शाळेचं अंतर. आणि सगळ्याचा मुळारंभ आधार, कारण ज्याचं आधार जुळत नाही ते लेकरू वर्गात बसून कविता म्हणत असलं तरी शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेला दिसत नाही. शाळेत नाव प्रतीक, आधारवर गोलू. शाळेत जन्म मेमधला, आधारवर 1 जानेवारी. आईचं आडनाव एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं. हेडसर बापाला फोन लावतात, "ओटीपी आला का?" बाप पलीकडून म्हणतो, "सर, मी उसाच्या फडात हाये, मोबाईल मुकादमाजवळ हाये." मुकादमाला फोन. मुकादम म्हणतो, "कोणता ओटीपी? इथं चौदा आलेत."

जातीचे, प्रवर्गाचे रकाने हेडसर अगदी निर्विकारपणे भरतात, डाळ-तांदूळ वेगवेगळ्या डब्यांत ओतल्यासारखे. एससी, एसटी, व्हीजे-ए बंजारा, एनटी-सी धनगर, एनटी-डी वंजारी, ओबीसी, खुला, धर्म, अल्पसंख्याक, दिव्यांगांचे 21 प्रकार. जानेवारी 2024 मध्ये मागासवर्ग आयोगाचं मराठा सर्वेक्षण निघालं तेव्हा दीडशेच्या वर प्रश्नांची यादी मोबाईलमध्ये घेऊन ते दारोदार फिरले आणि लोकांच्या शिव्या व चहा दोन्ही पिऊन आले. पण मातृभाषेच्या रकान्याशी ते अडतात. एका तांड्यावरच्या पोरीला विचारलं, घरी काय बोलता? ती म्हणाली, "आईसंग गोरमाटी, सरसंग मराठी, टीव्हीसंग हिंदी." हेडसरांनी मराठी लिहिलं, खोडलं, बंजारा लिहिलं. मग मला म्हणाले, "तीन भाषा येतात पोरीला आणि एकच लिहू देतात. विशेष प्रगतीत टाकलं मी."

मुली-मुलांच्या रकान्यात त्यांनी एक शोध लावलाय आणि तो ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलांमागे मुली 855. म्हणजे शाळेत मुली कमीच दिसायला हव्यात. हेडसरांच्या शाळेत मुली जास्त. पाहुणा चकित होतो, शाळेचं कौतुक करायला तोंड उघडतो. हेडसर त्याला थांबवतात आणि खिडकीतून रस्ता दाखवतात. रोज सकाळी त्या रस्त्यावर पिवळी गाडी येते. देऊळगावातल्या कॉन्व्हेंटची. इंग्रजी शाळा कोणाचीही असो, आमच्याकडे तिला कॉन्व्हेंटच म्हणतात. तिच्यात टाय लावलेले गावातले पोरगे चढतात आणि त्यांच्या सख्ख्या बहिणी दप्तर घेऊन चालत हेडसरांकडे येतात. "पोरगा फी भरून, पोरगी फुकट," हेडसर म्हणतात. "गावातल्या बापांनी माझ्या शाळेचा समतोल साधलाय." एका बापाला त्यांनी तोंडावर विचारलं, काऊन रे, पोरीलेबी गाडीत काऊन बसवत नाही? बाप म्हणाला, "सर, तुमची शाळा चांगली हाये ना." हेडसरांना त्यावर काय लिहावं सुचलं नाही.

मागास घरातल्या मुलींनी शाळेत यावं म्हणून सरकारनं 1992 पासून उपस्थिती भत्ता ठेवला. दिवसाला एक रुपया. तीस वर्षं उलटली तरी तो एकच होता. हेडसर त्याचाही हिशेब वर्षाअखेर नीट देतात. एका आजीनं दोनशेच्या आसपासची रक्कम मोजून घेतली आणि विचारलं, "सर, वर्षभराचे का महिन्याचे?" हेडसर म्हणाले, "वर्षाचे." आजी म्हणाली, "मंग रोजची घंटा फुकटच वाजवता म्हणा." ही म्हातारी पुढं शाळा व्यवस्थापन समितीत आली. हेडसर तिला अजून वचकून असतात.

गुणवत्तेचं म्हणाल तर त्यांच्या मते मनुष्यजात दोन भागांत विभागलेली आहे, प्रगत आणि अप्रगत. हे 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रापासून. तेव्हा पायाभूत चाचण्या आल्या, मग संकलित, मग निपुण भारत अभियान आलं आणि घड्याळ घेऊन वाचन मोजणं सुरू झालं. दुसरीच्या लेकरानं मिनिटाला पंचेचाळीस शब्द तरी वाचावेत. हेडसरांच्या मोबाईलमध्ये स्टॉपवॉच आहे आणि ते कुठंही चालू होतं. गणपतीच्या आरतीला त्यांनी आमच्या भटजींचा वेग मोजला होता. "निपुण आहेत, पण आकलन तपासावं लागेल."

एकदा साहेब भेटीला आले. दुसरीतल्या एका पोराला पुस्तक दिलं, घड्याळ लावलं. पोरगं सुरुवातीला धडाधड वाचत गेलं आणि मध्येच थांबलं. पानावर विहिरीचं चित्र होतं. त्यात ते डोकं खुपसून बघत बसलं. घड्याळ धावतंय, साहेब थांबलेत, हेडसरांच्या कपाळाला घाम. मिनिट संपलं, शब्द अडतीस. साहेब लिहायला लागले तसे हेडसर म्हणाले, "साहेब, लेकरू थांबलं नव्हतं. चित्र वाचत होतं. चित्राचे सात शब्द धरा." साहेबांनी पोराला विचारलं, काय रे, काय पाहत होतास? पोरगं म्हणालं, "हिरीले कठडा नाही. बकरी पडंल." साहेब भले होते. त्यांनी पंचेचाळीस लिहिले.

मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा 'असर' अहवाल आला की हेडसर तो मुळातून वाचतात, वर्तमानपत्राच्या मथळ्यावर विश्वास ठेवत नाहीत. देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी 2022 मध्ये सोळाच्या आसपास होती, 2024 मध्ये तेवीसच्या वर गेली. पारावर कोणी म्हणालं, बघा, झेडपीच्या शाळांचं काय झालंय, की हेडसर सोळा ते तेवीस हा प्रवास सांगतात. कोणी म्हणालं, वा, सुधारणा झाली, की ते उरलेल्या सत्याहत्तरांची आठवण करून देतात. त्यांच्याशी सहमत होणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

खिचडीचं मी लांबवत नाही. पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, रोज दुपारी ॲपवर आकडा, आणि खिचडी शिजवणाऱ्या काकूंशी रोजचं एक भांडण. पण अंड्याचा आलेख सांगायलाच हवा. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडं सुरू झालं. हेडसरांनी लगेच आलेखाच्या कागदावर रोजची हजेरी मांडायला घेतली. दर आठवड्याला एक सुळका. 2025 च्या जानेवारीत सरकारनं त्याचा निधी थांबवला आणि सुळके गेले. तो कागद त्यांनी ऑफिसात फ्रेम करून लावला होता. कोणी साहेब आले की त्याखालीच खुर्ची ठेवायची. तक्रार नाही, शब्द नाही. साहेबांनी मान वर केली तर दिसेल, एवढीच सोय.

खरा मुद्दा यात्रेनंतर सुरू होतो. आमचा तालुका तसा शेडनेटचा. मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन, जालन्याच्या बियाणे कंपन्यांचं काम, पहाटेपासून बाया फुलांवर क्रॉसिंग करायला जातात आणि चौथी-पाचवीच्या पोरी धाकट्याला कडेवर घेऊन दहानंतर शाळेत येतात. हेडसर त्या धाकट्यालाही वर्गात बसू देतात आणि त्याचं नाव डायरीत, योग्य त्या जूनमध्ये. पण ज्यांना शेडनेट नाही, पाणी नाही, त्यांनी मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकवर भांडी, शेळी, सरपण, आणि वर बसलेली पोरं. परत येणार मार्च-एप्रिलात.

एका रात्री हेडसरांनी मला मोटारसायकलवर मागे बसवून गावात नेलं. "साक्षीदार पाहिजे," म्हणाले. ट्रक उभा होता. तिसरीतलं एक पोरगं ट्रकच्या फाळक्यावर पाय सोडून बसलं होतं, हेडसरांना पाहून त्यानं आधी पाय वर घेतले आणि मग "गुड मॉर्निंग सर" म्हटलं. रात्रीचे नऊ वाजले होते.

हेडसर बापाला म्हणाले, "याले आजीजवळ ठेव. हंगामी वसतिगृहात नाव घातलं मी. दोन्ही टायमाचं जेवण शाळेकडून."

"सर, म्हातारीच्यानं नाही होत आता. आन् एका पोराच्यानं काय होते तुमचं?"

"एका पोराच्यानं मास्तर जाते माह्या शाळेतला. साठाले दोन, एकसष्टाले तीन. कायदा हाये."

मला वाटलं, या माणसापुढे कायद्याचं परिशिष्ट वाचून काय उपयोग? पण बापानं मान डोलावली. "हाव, आमचंबी तसंच. बायको आजारी पडली का कोयता अर्धा. उचल मात्र पुरीच फेडाव लागते." दोघं थोडा वेळ एकमेकांच्या हिशेबाविषयी बोलले. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दिवसाला किती टन, टनाला काय दर. इकडे पट म्हणजे काय, आधार म्हणजे काय. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, त्यांना एकमेकांचं सगळं कळत होतं. शेवटी म्हातारीला उठवलं. तीही पटकन तयार झाली नाही. पोराला अंघोळ कोण घालणार, यावर बराच खल झाला. हेडसर म्हणाले, अंघोळ शाळेत. त्यांनी डिकीतून एक साबणही काढून दाखवला. पोरगं ट्रकवरून खाली उतरलं, रडलं, आणि शेळी ठेवा म्हणून हटून बसलं. शेळीही उतरली.

धाकटी बहीण मात्र आईबरोबरच गेली. तिला हेडसरांनी शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, जिथं टोळी उतरेल तिथल्या शाळेत दाखवायला. आईनं ते ब्लाउजात ठेवलेल्या मोबाईलच्या कव्हरमध्ये घातलं.

परत येताना मी मागे बसून बोटांवर मोजत होतो. म्हटलं, "सर, 30 सप्टेंबर होऊन गेली. या वर्षीचा पट गोठला. पोरगं गेलं असतं तरी मॅडम कुठं जाणार होत्या?"

मोटारसायकल थोडी हळू झाली. "सरासरी उपस्थितीचा रकाना असते," हेडसर म्हणाले.

"त्यावर काही अवलंबून असतं?"

"माहिती मागतात."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आन् पुढच्या सप्टेंबरचं आत्तापासून पाहाव लागते." पुन्हा काही वेळानं, न विचारता: "वजनही घ्यायचं राहिलं होतं त्याचं." प्रत्येक वेळी त्यांना एक रकाना सापडत होता. गाव येईपर्यंत त्यांनी मला असे चार-पाच रकाने सांगितले. मी विचारणं सोडून दिलं.

त्यांच्या निवृत्तीची कथा त्यांच्या एकंदर आयुष्याला शोभेल अशीच. हेडसरांची आई सांगायची, हा पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, बैलांच्या शिंगांना रंग लावत होते तेव्हा. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. पण शाळेत नाव घालताना त्यांच्या गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे 1 जून लिहिली. महाराष्ट्रातल्या त्या पिढीचे निम्मे लोक असे 1 जूनचे. गुरुजींनी एका लेखणीनं गावंच्या गावं एका दिवशी जन्माला घातली. आणि नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो. म्हणून 31 मेला राज्यभर कचेऱ्या-शाळांत निरोपांची झुंबड. हेडसरांनी हिशेब काढलाय: गुरुजींनी 2 जून लिहिली असती तर ते 30 जूनला निवृत्त झाले असते, 1 जुलैची काल्पनिक वेतनवाढ निवृत्तिवेतनात धरली गेली असती. "एका दिवसानं गेलं," ते म्हणतात. गुरुजी वारले त्याला वीस वर्षं झाली. तरी हेडसर दरवर्षी गुरुपौर्णिमेला त्यांच्या घरी जातात, फोटोला हार घालतात आणि गुरुजींच्या मुलाला ही तक्रार न चुकता सांगतात.

31 मे आणि तीही विदर्भातली. शाळेला उन्हाळी सुट्टी, बाहेर बेचाळीस अंशाचं ऊन. आमच्याकडच्या शाळा उघडतात तेही उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून. रस्त्यापलीकडे जालना जिल्हा लागला की मराठवाडा, तिथली पोरं दप्तर घेऊन निघतात तेव्हा आमची अजून आंब्याखाली. त्यामुळे निरोप समारंभाला विद्यार्थी नव्हते. हेडसरांनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं होतं, तरी भर दुपारी येणार कोण? भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. हेडसर बोलायला उभे राहिले, समोर पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले, "उपस्थिती समाधानकारक आहे." मागच्या बाकावर आजीसोबत शेळीवालं पोरगं आणि इतर दहा-बारा जण होते. वहिनी म्हणाल्या, मोजलेले दिसतात.

प्रभार मॅडमकडे आला. चाव्या, दाखलखारीज रजिस्टर, शिक्का, आलेखाची फ्रेम, साबण, सगळं यादी करून, दोन प्रतींत, सही घेऊन. डायरी मात्र दिली नाही. ती खासगी आहे म्हणाले.

जून संपता संपता शाळा उघडली. तेव्हापासून आमच्या ओट्यावर रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक फोन वाजतो. पोर्टलवर शाळेच्या नावापुढे नोंदवलेला मोबाईल नंबर अजून हेडसरांचाच आहे. मॅडमना काहीही उघडायचं म्हटलं की ओटीपी इकडे येतो. त्यांनी नंबर बदलायचा अर्ज केलाय. त्या अर्जाला लागणारं संमतीपत्र हेडसरांनी सही करून द्यायचंय. ते देतो म्हणतात. पण त्यात एक स्पेलिंग चुकलंय, ते दुरुस्त होऊन येऊ द्या म्हणतात. वहिनींनी पाहिलं, स्पेलिंग बरोबर आहे.

परवा मी तिथंच बसलो होतो. फोन वाजला.

"सर, ओटीपी आला का?"

"आला ना मॅडम." हेडसरांनी चष्मा लावला, डायरी मांडीवर उघडली. "सांगतो. आधी सांगा, पहिलीत किती बसले?"

"सर, पटकन सांगा ना, टाइम जातोय त्याचा."

"जाऊ द्या, दुसरा मागवा. किती बसले?"